उंदरांची साखर आणि माणसांचा मधुमेह

मधुमेहाच्या रुग्णाच्या पिशवीतून पुष्कळदा गोळ्यांबरोबर चूर्णाची पुडीही निघते. ‘यावर संशोधन झाले आहे,’ असे तो विश्वासाने सांगतो. अनेकदा ते खरेही असते. मात्र ते संशोधन मुख्यतः पांढऱ्या उंदरांवर झालेले असते. त्याचा अर्थ कुठवर लावावा, हे जाणणे म्हणूनच अगत्याचे आहे.

गुडमारचे उदाहरण घेऊ. संस्कृतात ही मेषशृंगी, मराठीत बेडकीचा पाला. तिचे पान चघळल्यावर काही काळ साखर गोड लागत नाही. १९३० साली म्हसकर व कायस यांनी तिच्यावरील सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९० मध्ये मद्रासच्या संशोधकांनी मधुमेही उंदरांना तिच्या पानांचे दोन अर्क दिले. एका अर्काने २० दिवसांत, तर दुसऱ्याने ६० दिवसांत उपाशीपोटीची साखर पूर्ववत झाल्याचे त्यांनी नोंदविले.

अशा प्रयोगात स्ट्रेप्टोझोटोसिन किंवा अॅलोक्सान टोचून स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट केल्या जातात. सुमारे ७२ तासांनी रक्तशर्करा तपासून मधुमेही उंदीर निवडतात. एका गटाला अर्क, दुसऱ्याला ग्लिबेनक्लामाइडसारखे प्रमाणित औषध, तर तिसऱ्याला केवळ अर्काचे द्रावक देतात. हा तिसरा गट अत्यंत महत्त्वाचा आहे. कारण काही प्राण्यांच्या बीटा पेशी आपोआप सावरतात आणि त्याचे श्रेय विनाकारण अर्काला मिळते.

येथेच सावधपणा हवा. उंदराचा हा मधुमेह रासायनिक इजेचा असतो. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच बीटा पेशींवर उलटलेली असते, तर दुसऱ्या प्रकारात इन्सुलिनला दाद न देणाऱ्या पेशींचा प्रश्न असतो. मात्रेचेही तसेच. उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम दिलेला अर्क पृष्ठफळाच्या प्रचलित हिशोबाने ६० किलोच्या माणसाला सुमारे २ ग्रॅम होतो. आणि तो अर्क असतो, बाजारातील चूर्ण नव्हे.

मद्रासच्याच गटाने १९९० मध्ये इन्सुलिनवरील २७ रुग्णांना रोज ४०० मिलिग्रॅम अर्क दिला आणि इन्सुलिनची गरज घटल्याचे नोंदविले. निष्कर्ष आशादायक खरा. परंतु एवढ्या लहान अभ्यासाच्या आधारे कोणाचेही इन्सुलिन बंद करता येत नाही. २०१० मध्ये गुडमारमुळे यकृतदाह झालेल्या रुग्णाची नोंदही प्रसिद्ध झाली आहे. सल्फोनिलयुरियाच्या जोडीला असा अर्क घेतल्यास साखर अवाजवी उतरण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

याचा अर्थ वनस्पती टाकाऊ आहेत असा नाही. गॅलेगा या वनस्पतीतील ग्वानिडीनवर्गीय द्रव्यांच्या अभ्यासाचा धागा पुढे मेटफॉर्मिनपर्यंत पोहोचला; पॅरिसच्या जाँ स्टर्न यांनी १९५७ मध्ये रुग्णांवरील त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मात्र पाल्यापासून गोळीपर्यंतचा तो प्रवास अनेक कसोट्यांतून झाला.

तेव्हा रुग्णाच्या पुडीला हसू नये. ती पाहावी, टिपून ठेवावी, साखर व यकृताची तपासणी करावी. आणि चालू औषध, विशेषतः इन्सुलिन, स्वतःच्या मनाने बंद न करण्याचे त्याला निक्षून सांगावे. उंदरावरील यश हे संशोधनाचे पहिले पाऊल आहे; रुग्णाच्या हाती द्यावयाचे औषध नव्हे.