डॉल्बीवाल्याच्या गोडाऊनमधला मिक्सर

होम स्टुडिओ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? लॅपटॉप, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक आणि भिंतीला चिकटवलेला फोम. आता एकदा गावातल्या साउंडवाल्याच्या गोडाऊनमध्ये डोकावून बघा. नवा डिजिटल मिक्सर आला की जुना सोळा चॅनेलचा अ‍ॅनालॉग मिक्सर तिथे वायरींच्या ढिगाखाली जातो. पुढचा मुक्काम भंगार.

‘व्हिंटेज अ‍ॅनालॉग’ या शब्दाची क्रेझ उगाच नाही. लॉस एंजेलिसच्या साउंड सिटी स्टुडिओत नीव्ह कंपनीचा ८०२८ कन्सोल होता. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ (१९९१) त्याच्यावरच रेकॉर्ड झाला. पुढे बँडचा ड्रमर डेव्ह ग्रोलनं तो विकतच घेतला आणि २०१३ मध्ये त्या स्टुडिओवर डॉक्युमेंटरी काढली. पण स्पष्ट सांगायचं तर जत्रेत आणि गणपतीत बडवलेला आपला मिक्सर म्हणजे नीव्ह नव्हे. ‘वॉर्म साउंड’च्या नादात पैसे घालवू नका.

मग घ्यायचा कशाला? कान तयार करायला. प्रत्येक चॅनेलला गेन, ईक्यू, फेडर हाताशी असतो. माउसनं मेनू शोधत बसावं लागत नाही. शिवाय गाताना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येत नाही.

परीक्षा घ्यायची तर तंबोऱ्यावर घ्या. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, म्हणजे कच्चा माल घरचाच! तंबोऱ्याचा सगळा जीव जवारीत. घोडीवर तारेखाली सरकवलेला तो बारीक दोरा जरा इकडेतिकडे झाला की झंकार बदलतो. आवाज मुळात हळू, म्हणून गेन चढवावा लागतो आणि मिक्सरची खरखर तिथेच उघडी पडते. माइक न वाजवता गेन वर न्या, हेडफोन लावून ऐका. नुसती बारीक ‘स्स्स’ चालेल. ‘हम्म’ असा घुमारा आला तर आधी घरचं अर्थिंग तपासा. तरी थांबला नाही तर पॉवर सप्लायमधले कपॅसिटर वाळलेले असू शकतात. ते स्वतः उघडू नका बरं का, प्लग काढल्यावरही त्यांच्यात करंट राहतो. रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारे काका अजून आहेत, त्यांच्याकडे न्या. फेडर सरकवताना होणारी करकर मात्र बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यानं जाते. कंडेन्सर माइक वापरणार असाल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर आहे का बघा. मिक्सर परदेशातून आलेला असेल तर तो ११० व्होल्टचा नाही ना, हेही.

एक अडचण राहतेच. मिक्सरमधून इंटरफेसमध्ये दोनच ट्रॅक जातात. तबला जास्त झाला तर नंतर कमी करता येत नाही. इंटरफेसला जास्त इनपुट असतील तर इन्सर्टच्या भोकात मोनो पिन पहिल्या ‘टक्’पर्यंतच घाला, बऱ्याच मिक्सरवर त्या चॅनेलचा आवाज वेगळा मिळतो. लेव्हल उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा, लाल दिवा पेटवू नका.

आणि भावाची बोलणी अनंत चतुर्दशी उलटल्यावर करा. त्याआधी साउंडवाला फोनच उचलत नाही.