जुन्या डेस्कटॉपला नवा प्रोसेसर

आज स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचं आहे. इथे जबलपूरला त्याला पेचकस म्हणतात.

माझा डेस्कटॉप २०१२ सालचा. निवृत्तीनंतर मी त्यावर दिवंगत जवानांच्या पत्नींची फॅमिली पेन्शनची कागदपत्रं स्कॅन करून भरून देतो. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यांची गर्दी असते. गेल्या वेळी व्हरांड्यात चार वहिनी ताटकळत बसलेल्या, आणि स्कॅन केलेल्या पानांची एक पीडीएफ व्हायला पाच मिनिटं लागत होती. दुकानदार म्हणाला, "साहेब, भंगारात द्या." चालू वस्तू टाकून द्यायची सवय आम्हाला फौजेने लावली नाही.

पण आधी निदान करा. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून बघा. डिस्क शंभर टक्क्यांवर अडली असेल तर एसएसडी घाला, मेमरी भरली असेल तर रॅम वाढवा. बहुतेक जुन्या मशीनचं दुखणं हार्ड डिस्कमध्येच असतं. तिथे प्रोसेसर बदलणं म्हणजे पोट दुखतंय आणि बाम कपाळाला. माझ्याकडे एसएसडी आणि ८ जीबी रॅम होती, तरी सीपीयू सतत शंभरवर. मग प्रोसेसरकडे वळलो.

कुठलाही प्रोसेसर कुठेही बसत नाही. माझ्या बोर्डाचं सॉकेट एलजीए ११५५, म्हणजे ११५५ बारीक पिना. त्यात इंटेलची दुसरी पिढी (२०११) बसते आणि तिसरी (२०१२) बसते. चौथीला ११५० लागतं. ती इथे चालत नाही. आत कोअर आय३-२१२० होता, तो काढून आय५-३४७० घेतला. कागदावर दोन्ही चार-चार थ्रेडचे. पण आय३ मध्ये दोनच कोअर, प्रत्येकावर दोन कामं. म्हणजे एकेक स्वयंपाकी दोन शेगड्या सांभाळतो. आय५ मध्ये चार शेगड्यांना चार स्वयंपाकी. वीज ६५ वॉटवरून ७७ वर जाते, ती जुन्या पॉवर सप्लायला जड नाही.

या चिपा आता जुन्याच मिळतात. दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळुरूत एस. पी. रोड, मुंबईत लॅमिंग्टन रोड. वरच्या झाकणावरचा नंबर वाचून घ्या. मला दीड हजारात मिळाली.

आता माझी चूक. बोर्डाच्या कंपनीची प्रोसेसरची यादी असते. कोणत्या चिपला कोणतं बायोस लागतं ते त्यात लिहिलेलं असतं. मी नंबर पाहिला, पुढचा रकाना पाहिला नाही. नवी चिप बसवली, पंखा फिरला, पडदा काळाच. बॅकअप होता म्हणून घाम फुटला तरी झोप लागली. जुनं बायोस तिसऱ्या पिढीला ओळखत नव्हतं, आणि बायोस बदलायचं तर जुनी चिप आत हवी! पुन्हा आय३ बसवला, नेमक्या मॉडेलची फाइल पेनड्राइव्हवर घेतली आणि यूपीएस लावून अपडेट केलं. मध्येच लाइट गेले तर बोर्ड मेला म्हणून समजा.

हाताचं काम तसं थोडं आहे. आधी दहा मिनिटं मशीन चालवा, पेस्ट मऊ होते. मग बंद करून केबल काढा आणि कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावा. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डात असतात. त्रिकोणाची खूण जुळवून चिप अलगद ठेवा, दाबू नका. एक पिन वाकली तरी बोर्ड जाऊ शकतो. जुन्या एएमडीत पिना चिपखाली असतात. तिथे कूलर खेचला तर चिपही उपटून येते, म्हणून आधी हलकेच फिरवून सोडवा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी मटाराच्या दाण्याएवढीच लावा. कूलरची चार बटणं समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबा.

एक गोष्ट लपवत नाही. विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पेन्शन-बँकेचं काम करणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं. मी लिनक्स मिंट टाकलं, स्कॅनर चालला. पीडीएफ आता निम्म्या वेळात होते.

पहिल्यांदा सुरू केल्यावर बायोसमध्ये तापमान बघा. चढतच राहिलं तर ताबडतोब बंद करा. कूलरचं एखादं बटण नीट बसलेलं नसतं. माझंही एक बसलं नव्हतं.