फॉन्ड्यूच्या भांड्याभोवती ज्येष्ठांची जागा

“डॉक्टर, लेक म्हणते, आलात की एकदा फॉन्ड्यू करू. यांना चालेल का?” झुरिचला निघालेल्या एका दांपत्यातील काकूंनी तपासणीच्या शेवटी विचारले. काकांचे हृदय अशक्त. मीठ मोजूनमापूनच खायचे. प्रश्न साधा होता, त्यामागची धास्ती मात्र साधी नव्हती.

फॉन्ड्यू म्हणजे वितळवलेले चीज. स्वित्झर्लंडमधील हिवाळ्याचे जेवण. जड मातीच्या भांड्याला आतून लसूण चोळतात. त्यात पांढरी वाइन तापवून, ग्रुयेर आणि व्हाशरां ही किसलेली चीज समप्रमाणात थोडी थोडी घालत मंद आचेवर ढवळतात. मिश्रण फुटू नये म्हणून थोडे कॉर्नफ्लोअर घालतात. शेवटी मिरपूड, जायफळ आणि बहुधा चेरीपासून काढलेले किर्श हे मद्य. मग भांडे टेबलावरील छोट्या शेगडीवर येते आणि सारे जण लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवतात. तळाची खरपूस खरवड सर्वांत शेवटी वाटून खातात.

माणशी सुमारे 200 ग्रॅम चीज, हा तेथील नेहमीचा हिशेब. एवढ्या चीजमध्ये साधारण 3 ग्रॅम मीठ आणि 60 ग्रॅम स्निग्धांश असतो. प्रौढांसाठी दिवसभराच्या मिठाची मर्यादा 5 ग्रॅम. पावातील मीठ वेगळेच. म्हणून काकांना सांगितले, “चार-पाच घास घ्या, सोबत भरपूर कोशिंबीर. त्या दिवशी लोणचे-पापड बंद. पुढे तीन दिवस सकाळी वजन करा. दोन किलोंनी वाढले, पायांवर सूज आली किंवा दम लागला, तर तेथील डॉक्टरांना लगेच दाखवा.”

शिजवल्याने वाइनमधील मद्यार्क पूर्णपणे उडून जात नाही. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडाझोल चालू असेल, तर हे ध्यानात ठेवावे. त्यावर उपाय परंपरेतच आहे: फ्रिबुर भागात केवळ व्हाशरां चीज थोड्या पाण्यात वितळवून फॉन्ड्यू करतात. सोबत कोरा चहा घेण्याची रीतही जुनीच. 2010 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या झुरिचमधील प्रयोगात, फॉन्ड्यूबरोबर चहाऐवजी वाइन घेतल्यास जठर अधिक सावकाश रिकामे होते, असे आढळले.

शाकाहारी ज्येष्ठांनी एक गोष्ट आधी जाणून घ्यावी: पारंपरिक ग्रुयेरसाठी दूध विरजताना वासराच्या जठरातील रेनेट वापरतात. शाकाहारी रेनेटचे चीज वेगळे मागावे लागते.

कवळी असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर चीजची लांब तार आणि पावाचा चिवट तुकडा घशात अडकू शकतो. अशांना मऊ उकडलेल्या बटाट्याच्या लहान फोडीवर चमचाभर चीज घालून, किंचित निवल्यावर द्यावे. हात थरथरत असल्यास घास दुसऱ्याने बुडवून द्यावा. पेटत्या शेगडीत इंधन कधीही ओतू नये.

काळजीवाहकांना एवढेच सांगणे: आजोबांना वेगळी खिचडी वाढून दूर बसवू नका. फॉन्ड्यू घाईने खाताच येत नाही. घासाघासाला थांबावे लागते, त्या थांबण्यात गप्पा होतात. घास चारच असोत, पण ते सर्वांबरोबर, त्याच भांड्यातले असोत.