पथदिव्याची बचत नुसत्या वॅटवरून कळत नाही

केडगाव अहिल्यानगर महापालिकेच्या हद्दीत येते, म्हणजे इथल्या पथदिव्यांचे बिल शेवटी आपणच भरतो. दिव्यांचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: पिवळे सोडियमचे दिवे काढून एलईडी लावले, वॅट कमी झाले, म्हणजे बचत झालीच.

यातला पहिला भाग खरा आहे. १५० वॅटचा सोडियम दिवा चोकसह साधारण १७० वॅट खेचतो आणि त्याचा बराच उजेड झाकणात किंवा खांबामागे वाया जातो. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राचा कार्यक्रम सुरू झाल्यापासून देशात एक कोटीहून अधिक एलईडी पथदिवे बसले, त्यामागे हेच कारण आहे. पण वॅटवरून दिवा किती वीज खातो एवढेच कळते. रस्त्यावर उजेड किती पडला, हे लक्समध्ये मोजावे लागते. भारतीय मानक आयएस १९४४ नुसार सर्वाधिक वर्दळीच्या रस्त्याला सरासरी ३० लक्स, इतर मुख्य रस्त्यांना १५, आणि आतल्या रस्त्यांना वर्दळीप्रमाणे ८ किंवा ४ लक्स पुरतात.

समजा, रस्ता सात मीटर रुंद आहे आणि खांब तीस मीटरवर आहेत. एका दिव्याच्या वाट्याला २१० चौरस मीटर येतात. ७० वॅटचा दिवा तिथे १५ लक्स देत असेल, तर एका चौरस मीटरवर एक लक्स पाडायला २२ मिलिवॅट लागले. दुसऱ्या कंपनीचा ५० वॅटचा दिवा ८ लक्सच देत असेल, तर तोच आकडा ३० होतो. कमी वॅटचा दिवा इथे कमी कार्यक्षम ठरला. युरोपच्या २०१५ च्या मानकात, ईएन १३२०१ च्या पाचव्या भागात, कार्यक्षमता याच पद्धतीने काढतात.

पण हा एकच आकडा धरून बसलो तरी फसगत होते. तो रस्ता आतल्या वस्तीतला असेल आणि त्याला ८ लक्सच पुरत असतील, तर १५ लक्स देणारा ‘कार्यक्षम’ दिवा वर्षभर जादा वीज जाळत राहतो. म्हणून त्याच मानकात दुसरा आकडाही आहे: वर्षाला दर चौरस मीटरमागे किती वीज लागली. दिवे वर्षात सुमारे ४,००० तास जळतात असे धरले, तर पहिल्या दिव्याला १.३३ युनिट आणि दुसऱ्याला ०.९५ युनिट लागतात. निवड करताना दोन्ही आकडे शेजारी ठेवायला हवेत. निविदेत फक्त वॅट आणि किंमत यांची तुलना होते, तिथे ही गोष्ट सुटते आणि अंधारात चालणाऱ्यांना ते भोगावे लागते.

वेळेचा हिशेब तर सहसा कोणी करतच नाही. रात्री बारा ते पाच तोच ७० वॅटचा दिवा निम्म्या शक्तीवर चालवला तर वर्षाला खांबामागे सुमारे ६४ युनिट वाचतात. पण टायमर बिघडून तो रोज सकाळी दोन तास उशिरा बंद झाला, तर ५१ युनिट जातात. बचतीचा बहुतेक भाग तिथेच संपला. उन्हात जळणारा दिवा दिसल्यावर तक्रार करणे म्हणूनच क्षुल्लक नाही.

पांढरा दिवा म्हणजे जास्त उजेड, हाही गैरसमज. पांढरेपणा हा रंगाचा गुण आहे, उजेडाचे प्रमाण नव्हे. झगझगीत दिवा डोळ्यांवर आला तर त्यापलीकडच्या अंधारात उभा असलेला माणूस उलट कमी दिसतो. नवरात्रात रेणुकामातेच्या दर्शनाला पहाटे पायी येणाऱ्यांसाठी रस्ताभर सारखा पसरलेला उजेड हवा. त्यामुळे सरासरी लक्सबरोबर सर्वांत अंधाऱ्या जागेचा आकडाही नोंदवायला हवा.

मोजणी खांबाखाली एकदा मीटर धरून होत नाही. दोन खांबांमधल्या रस्त्यावर चौकटी आखून प्रत्येक बिंदूवर लक्समीटर जमिनीलगत ठेवतात. हे काम चांदणे आणि दुकानांचे दिवे नसतील अशा वेळी करतात. वीज मात्र वीजपेटीतल्या मीटरवरून घ्यावी, दिव्यावर छापलेल्या वॅटवरून नव्हे. जिथे मीटरच नाही, तिथे बिल अंदाजाने येते आणि बचत झाल्याचे सिद्ध करायला काहीच हाती नसते.

आणि हे सारे नव्या दिव्यावर एकदा मोजून संपत नाही. एलईडीचे आयुष्य म्हणून जे तास सांगतात, ते सहसा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. पुणे रस्त्यावरच्या धुळीने काच माखली की उजेड त्याआधीच घटतो, वीज मात्र जवळपास तेवढीच जळते. काच पुसून त्याच बिंदूंवर पुन्हा मोजले, तर धुळीने किती उजेड खाल्ला आणि दिवा किती जुना झाला, हे वेगवेगळे कळते.