शेजारचें दिवाळें आणि शेजारधर्म

शेजारच्या घरास आग लागली म्हणजे काय करावें, हें सांगण्यास शास्त्रीपंडित लागत नाहीं. परंतु शेजारच्या राष्ट्राचें दिवाळें निघालें, तेथील राज्यकर्ता देश सोडून गेला आणि दुकानांत औषध मिळेनासें झालें, म्हणजे आपण काय करावें, हा प्रश्न तितका सोपा नाहीं. मदत उशिरां पोंचली तर ती व्यर्थ जाते. मदतीच्या पाठोपाठ हुकूम सुटूं लागले तर उपकाराचें वैर होतें. या प्रश्नाचा विचार करण्यास श्रीलंकेसारखें दुसरें उदाहरण नाहीं. कारण या एकाच शेजाऱ्याच्या संकटास भारतानें पस्तीस वर्षांच्या अंतरानें दोन अगदीं भिन्न रीतींनीं उत्तर दिलें.

पहिलें संकट राजकीय होतें. सिंहली बहुसंख्य व तमिळ अल्पसंख्य यांच्यांत यादवी पेटली होती. २९ जुलै १९८७ रोजीं पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनीं कोलंबोंत करारावर सह्या केल्या, व तो अमलांत आणण्यासाठीं भारताची शांतिसेना बेटावर उतरली. ज्या तमिळ वाघांनीं शस्त्रें खालीं ठेवावयाचीं, त्यांच्याशींच तीन महिन्यांच्या आंत तिला लढावें लागलें. तिकडे दक्षिणेंत जनता विमुक्ती पेरामुना या पक्षानें कराराविरुद्ध सशस्त्र बंड उभारलें. मार्च १९९० मध्यें शेवटची तुकडी परतली, तोंपर्यंत सुमारें १,२०० भारतीय सैनिक कामास आले होते आणि बेटावरील दोन्ही बाजू भारतावर रुष्ट झाल्या होत्या. हेतु शांततेचा होता. परंतु दुसऱ्याच्या घरांतील भांडण मिटविण्याचा भार स्वतःच्या खांद्यावर घेतल्याचें तें फळ होतें.

दुसरें संकट पैशाचें होतें. २०१९ च्या अखेरीस कोलंबो सरकारनें मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला. तिजोरीची आवक आटली. लागलीच कोविडच्या साथीनें प्रवाशांची वर्दळ बंद पडली. एप्रिल २०२१ मध्यें रासायनिक खतांची आयात एकाएकीं बंद करण्यांत आली, तेव्हां भाताचें पीक घसरलें. २०१९ च्या अखेरीस सुमारें साडेसात अब्ज डॉलरांची असलेली परकीय चलनाची गंगाजळी झपाट्यानें रिती होऊं लागली. बाहेरून माल आणावयाचा तर डॉलर हवे. ते नसले म्हणजे सारेंच अडतें. मार्च २०२२ मध्यें कागद व शाई मिळेना म्हणून पश्चिम प्रांतांतील शाळांच्या परीक्षा पुढें ढकलाव्या लागल्या. १२ एप्रिल रोजीं परदेशी कर्जाची फेड थांबवीत असल्याचें सरकारनें जाहीर केलें. स्वातंत्र्यानंतर ही नामुष्की प्रथमच ओढवली. वापरतां येण्याजोगे डॉलर पांच कोटींहूनही कमी उरले आहेत, असें मे महिन्यांत अर्थमंत्र्यांनीं पार्लमेंटांत सांगितलें. सव्वादोन कोटींच्या आसपास वस्ती असलेल्या देशास ही रक्कम कितीशी पुरणार!

या वेळीं भारतानें तीन साधनें वापरलीं. पहिलें चलनाच्या अदलाबदलीचें. रिझर्व्ह बँकेनें ४० कोटि डॉलर दिले आणि त्यांच्या बदल्यांत श्रीलंकेचे रुपये ठेवून घेतले. मुदतीनंतर हा व्यवहार उलटा फिरवावयाचा. दुसरें साधन उधारीच्या खात्याचें. वाणी ओळखीच्या घरास रोकड देत नाहीं, परंतु वहींत नांव लिहून धान्य देतो, तसेंच हें. पेट्रोल-डिझेलसाठीं एक्झिम बँकेमार्फत ५० कोटि डॉलरांचें, आणि अन्न, औषधें व इतर जरुरीच्या वस्तूंसाठीं स्टेट बँकेमार्फत १ अब्ज डॉलरांचें खातें उघडण्यांत आलें. या तिन्ही बँकांचीं मुख्य कार्यालयें मुंबईंत आहेत; त्यामुळें कोलंबोची चूल पेटती ठेवण्यांत या शहराचाही हात लागला. तिसरें साधन सवडीचें: जीं देणीं लगेच चुकवावयाचीं होतीं, त्यांची मुदत वाढवून दिली. यांखेरीज तमिळनाडु राज्यानें ४०,००० टन तांदूळ, दुधाची भुकटी व औषधें देण्याचें ठरविलें. त्या वर्षींच्या एकंदर साहाय्याची बेरीज सुमारें ४ अब्ज डॉलर झाली.

हें केवळ औदार्य नव्हतें. मार्चपासूनच कांहीं तमिळ कुटुंबें होड्यांतून धनुष्कोडीच्या किनाऱ्यास लागूं लागलीं होतीं. शेजारची उपासमार सीमेवर थांबत नाहीं, हें दिल्लीस ठाऊक होतें.

परंतु त्या वर्षीं भारतानें जें केलें, त्याइतकेंच जें केलें नाहीं तेंही महत्त्वाचें आहे. मे महिन्यांत सरकारविरुद्ध लोकक्षोभ उसळला, तेव्हां भारत सैन्य पाठविणार अशी आवई उठली. भारताच्या वकिलातीनें ती तत्काळ व स्पष्ट शब्दांत खोडून काढली. जुलैंत अध्यक्ष गोटाबाय राजपक्ष देश सोडून गेले. आपण श्रीलंकेच्या जनतेबरोबर आहोंत, एवढेंच भारतानें सांगितलें. तिनें राज्यावर कोणास बसवावें, हें सांगितलें नाहीं.

तांदूळ व पेट्रोल यांनीं तूर्त निभावलें, पण कर्जाचा डोंगर तसाच होता. आंतरराष्ट्रीय नाणेनिधि नवें कर्ज देण्यापूर्वीं एक अट घालतो: जुन्या सावकारांनीं आधीं सवलत देण्याची हमी द्यावी. येथें गाडें अडतें. प्रत्येक सावकारास भीति वाटते, कीं आपण सोडलेल्या पैशांतून दुसऱ्याचें येणें वसूल होईल. म्हणून पहिलें पाऊल कोणीच टाकीत नाहीं. श्रीलंकेस कर्ज देणाऱ्या सरकारांत चीन, जपान व भारत हे प्रमुख होते. जानेवारी २०२३ मध्यें ही लेखी हमी सर्वांआधीं भारतानें दिली. इतरांच्या हम्या मागाहून आल्या, आणि २० मार्च २०२३ रोजीं नाणेनिधीनें सुमारें ३ अब्ज डॉलरांच्या कर्जास मंजुरी दिली.

अशा मदतीनें शेजाऱ्याची इच्छा मात्र विकत मिळत नाहीं. ऑगस्ट २०२२ मध्यें, साहाय्य चालूं असतांनाच, भारताची नापसंती असूनही चीनचें एक टेहळणीचें जहाज हंबनटोटा बंदरांत येऊन गेलें. दिल्लीस तें रुचलें नाहीं. तरी दिलेला शब्द तिनें मागें घेतला नाहीं.

या संयमाचें फळ पुढें दिसलें. सप्टेंबर २०२४ मध्यें श्रीलंकेच्या अध्यक्षपदीं अनुर कुमार दिसानायके निवडून आले. १९८७ च्या कराराविरुद्ध ज्या पक्षानें शस्त्र उचललें होतें, त्याच पक्षाचे हे पुढारी. डिसेंबरमध्यें ते आपल्या पहिल्या परदेशदौऱ्यावर निघाले, ते दिल्लीस. आणि आपली भूमि भारताच्या हिताविरुद्ध वापरूं देणार नाहीं, असें त्यांनीं तेथें सांगितलें. सैन्य पाठवून जो विश्वास गमावला होता, तो धान्य, इंधन आणि मौन यांनीं बराचसा परत मिळविला. शेजाऱ्याचें घर सांवरण्यास हात द्यावा, वेळेवर द्यावा. परंतु त्या घराच्या किल्ल्या मागूं नयेत, हाच या दोन प्रसंगांचा अर्थ होय.