मंगळवेढ्याचे तीन भक्त

कन्नडमध्ये 'कृपे' म्हणा नाहीतर मराठीत 'कृपा', आपल्या घरांत हा शब्द रोज कानी पडतो. पीक चांगले आले, मुलाला नोकरी लागली, आजारी माणूस बरा होऊन घरी परतला, की आपण 'देवाची कृपा' म्हणतो. मग ज्याच्या घरी यातले काहीच घडले नाही, त्याची भक्ती कमी पडली म्हणायची का?

या प्रश्नाचा विचार करताना सोलापूर जिल्ह्यातले मंगळवेढे आठवते. ज्वारीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाशी बसवेश्वरांचे नाव जोडलेले आहे आणि विठ्ठलाच्या तीन थोर भक्तांचेही.

पहिले दामाजीपंत. पंधराव्या शतकात ते बीदरच्या बहामनी बादशहाचे मंगळवेढ्यातील अधिकारी होते. दुष्काळात लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा त्यांनी सरकारी धान्याची कोठारे खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला. पण विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात बीदरला जाऊन धान्याची रक्कम भरली आणि भक्ताला सोडवले, अशी कथा आहे.

दुसरे चोखोबा. त्यांना सोडवायला कोणी आले नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते गेले. परंपरा हे साल १३३८ सांगते. ढिगाऱ्यातल्या ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्या चोखोबांच्या म्हणून नामदेवांनी ओळखल्या आणि पंढरपूरला महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधली.

तिसरी कान्होपात्रा, गणिकेची मुलगी. बीदरच्या बादशहाचे बोलावणे आले, तेव्हा तिने विठ्ठलाच्या पायी प्राण सोडला. मंदिरातले तरटीचे झाड तिची आठवण म्हणून दाखवतात.

तिघांपैकी एकटे दामाजी संकटातून सुटले. तरीही वारकऱ्यांनी उरलेल्या दोघांना कृपेपासून वंचित मानले नाही. संकट टळले तरच कृपा, असा हिशेब संतपरंपरेने कधी मांडलाच नाही. देवाने शेवटपर्यंत साथ सोडली नाही, यालाच तिने कृपा म्हटले.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दामाजींसाठी देवाने रूप घेतले ते, ज्यांना मंदिरात पाऊल ठेवायची बंदी होती त्यांचे. देवाने ओळखलेले हे नाते माणसांना ओळखायला शतके लागली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांसाठी उघडले.

म्हणून शेजारच्या घरावर दुःख कोसळले, तर त्यांची भक्ती मोजत बसू नये. दामाजींच्या कथेतही देव बीदरला गेला तो नंतर. त्याआधी एका माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घालून कोठाराचे कुलूप काढले होते. आपल्या हाती तेवढे नक्कीच आहे.