धुलाईयंत्र का रुसते?

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्याला लागले की काही किलोमीटरवर शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. तेथील कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारांचे कपडे तेलाने आणि ग्रीसने मळतात. ते हातांनी घासून धुणे किती जिकिरीचे असते, हे त्यांच्या घरच्यांना विचारा! म्हणूनच या परिसरातील अनेक घरांत आता धुलाईयंत्र, म्हणजे वॉशिंग मशीन, आलेले दिसते. या जिल्ह्याला ते यंत्र तसे परके नाही. पैठण रस्त्यावरील चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात दूरचित्रवाणी संचांबरोबर धुलाईयंत्रेही तयार होत असत.

असे हे यंत्र एके दिवशी रुसते. कपडे धुऊन होतात, पण साबणाचे पाणी टबातच राहते. पिळण्याची वेळ येते, तरी टब फिरत नाही. दिवा तेवढा लुकलुकत राहतो. घरात लगेच निकाल लागतो : "दोन बिघाड झालेत. पाणीही जात नाही आणि मोटारही जळली." मोटार महाग असते, त्यामुळे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडण्याची भीती वाटू लागते. पण बहुतेक वेळा हे दोन बिघाड नसतात. बिघाड एकच असतो आणि मोटार ठणठणीत असते. पाणी गेले नाही, म्हणून यंत्राने फिरायला नकार दिलेला असतो.

हा नकार समजून घेण्यासाठी थोडे गणित करू. समजा, टबाची त्रिज्या २५ सेंटिमीटर आहे आणि पिळताना तो मिनिटाला ७०० फेरे घेतो. कोनीय वेगाचा वर्ग करून त्याला त्रिज्येने गुणले की केंद्राभिमुख त्वरण मिळते. ते येते सुमारे १,३४० मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ १३७ पट! इतका जोर असतो म्हणूनच कापडातले पाणी टबाच्या छिद्रांतून बाहेर फेकले जाते. आता अर्धा किलोची एक ओली पँट एकाच बाजूला गोळा झाली, तर ती टबाला सुमारे ६८ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढील. आणि या ओढीची दिशा सेकंदाला जवळजवळ बारा वेळा गोल फिरेल. कपडे एका बाजूला गेले की यंत्र धडधडत जागेवरून सरकू लागते, ते यामुळेच. अर्ध्या किलोची ही कथा! मग टबात चाळीस लिटर, म्हणजे चाळीस किलो पाणी असताना तो या वेगाने फिरवण्याचा प्रयत्न केला, तर मोटार, पट्टा आणि धारवे यांचे काय होईल? म्हणून यंत्राची रचनाच अशी केलेली असते की, टब रिकामा झाल्याची खात्री पटल्याशिवाय वेग घ्यायचा नाही.

पण टबात पाणी आहे की नाही, हे यंत्राला कळते कसे? टबाच्या तळाशी हवेची एक छोटी कोठडी असते आणि तिच्यातून एक बारीक रबरी नळी वर दाबाच्या बटणापर्यंत जाते. टबात पाणी चढले की नळीतली हवा कोंडली जाऊन दाबली जाते. तीस सेंटिमीटर पाण्याने हा दाब वाढतो तो वातावरणाच्या दाबाच्या अवघा शंभरात तीन भाग. पण पातळ पडदा हलवायला तेवढा पुरतो. तुम्हीही हे करून पाहा. नरसाळ्याच्या रुंद तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधा, त्याच्या दांडीला प्लॅस्टिकची नळी घट्ट बसवा आणि नळीचे मोकळे टोक पाण्याने भरलेल्या बादलीत तळापर्यंत न्या. रबर किंचित फुगलेले दिसेल. आता यंत्रातल्या त्या कोठडीचे तोंड साबणाच्या साक्याने आणि कपड्यांच्या तंतूंनी बुजले, तर टब कोरडा होऊनही हवा कोंडलेलीच राहते आणि यंत्र पाणी आहे असेच समजून बसते.

आता अडलेल्या पाण्याकडे वळू. वरून कपडे टाकायच्या पुष्कळशा यंत्रांत पाणी बाहेर टाकायला पंप नसतो; ते गुरुत्वाने वाहते. त्यामुळे पहिला संशय नळीवर घ्यावा. आपल्याकडे न्हाणीघराला उंबरा असतो आणि नळी त्याच्यावरून आत सोडलेली असते. टबातील पातळी नळीच्या मोकळ्या टोकापेक्षा ४० सेंटिमीटर वर असेल, तर पाण्याचा सैद्धांतिक वेग सेकंदाला २.८ मीटर येतो. पातळी १० सेंटिमीटर उरली की तो निम्मा, १.४ मीटर होतो. उंची चौथाई झाली की वेग निम्मा होतो. प्रत्यक्षात घर्षणामुळे तो याहूनही कमी भरतो. यंत्र मात्र ठरावीक मिनिटेच वाट पाहते आणि मग थांबते. उंबऱ्यावरून गेलेली नळी वक्रनलिकेसारखी पाणी ओढून घेईल असे वाटते खरे, पण त्यासाठी ती पूर्ण भरलेली असावी लागते. मध्येच हवा शिरली की ओढ संपली. दोन टबांच्या अर्धस्वयंचलित यंत्रात तर अडलेले पाणी मागे फिरून पिळण्याच्या टबाखाली साचते आणि त्याच्या फिरण्याला अटकाव करते.

नळी नीट असेल, तर कान द्या. मला या यंत्रातली सर्वांत गमतीची गोष्ट वाटते ती येथेच आहे. पुष्कळ स्वयंचलित यंत्रांत एक छोटी मोटार तार ओढते आणि त्या एकाच ओढीने दोन कामे होतात : पाणी सोडणारी झडप उघडते आणि टबाचा ब्रेक सुटून तो पिळण्यासाठी मोटारीला जोडला जातो. ही ओढ बसली नाही, तर पाणीही अडते आणि टबही अडतो! अशा वेळी पाणी तांब्याने उपसून टाकले तरी तळाची चकती तेवढी फिरते, टब हलत नाही. पिळण्याची कळ दाबल्यावर तार ओढणाऱ्या मोटारीची बारीक घरघर ऐकू आली आणि तरीही पाणी आले नाही, तर झडपेत किंवा नळीत बोळा बसला असण्याचा संभव अधिक. घरघरच नसेल, तर दोष त्या छोट्या मोटारीत किंवा तिच्या तारांत शोधावा. समोरून दार असलेल्या यंत्रात मात्र पंप असतो आणि त्याच्या पुढच्या जाळीत नाणी, गुंड्या, केसांच्या पिना सापडतात.

हा बोळा बनतो कशाचा? मराठवाड्याची जमीन काळ्या कातळाची, बेसाल्टची. त्यातून मुरताना पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. म्हणून कूपनलिकेचे पाणी बहुधा दुष्फेन असते. फेस येत नाही म्हणून आपण पूड आणखी टाकतो. पुडीतल्या धुण्याच्या सोड्याशी संयोग होऊन कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा साका तयार होतो आणि तो तंतूंना चिकटून बसतो. नळीच्या तोंडाशी जमलेली पांढरी खपली काढून तिच्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले, तर ती कार्बोनेटची समजा. उपसलेले पाणी मात्र फेकू नका. नळाला दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या गावात ते फरशीला किंवा संडासाला उपयोगी पडते.

आणखी एक जागा तपासायची असते, ती झाकणाची. झाकण उघडे असले तर पिळणे सुरू होत नाही, कारण तेथे एक बटण असते. ते बिघडले की तारा परस्पर जोडून ते वगळण्याची युक्ती कोणीतरी सुचवतो. यंत्र चालू लागतेही. पण मग वेगाने फिरणाऱ्या टबात लहान मुलाचा हात जाण्यापासून अडवणारे काही उरत नाही. मोठ्या टबात अडकलेला कपडा हात पिरगाळून मोडू शकतो. ही युक्ती कोणालाही करू देऊ नका. आणि नळी किंवा जाळी तपासायला हात घालण्यापूर्वी पिन सॉकेटमधून काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्राच्या आतील झाकणे उघडणे हे काम मात्र जाणकाराचेच आहे.

नळी खाली आहे, जाळी स्वच्छ आहे, टब रिकामा आहे, कपडे सारखे पसरलेले आहेत, झाकण लागलेले आहे आणि तरीही टब फिरत नाही, एवढे पाहून झाले की मग मेकॅनिकला बोलवा. काय केल्यावर कोणता आवाज आला, पाणी किती उरले होते आणि चकती फिरत होती की नाही, हे कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. मोटार बदलायची असे तो म्हणालाच, तर ती आधी मीटर लावून तपासून दाखवायला सांगा.